धुरक्याचे कोडे सोडवणारा शास्त्रज्ञ : हागेन-स्मिट

ओझोन म्हटले की सूर्याची घातक किरणे अडवणारे आकाशातील छत्र आपल्याला आठवते. परंतु हाच वायू जमिनीलगत साठला, तर माणसाच्या फुप्फुसांना इजा करतो आणि पिकांची पाने करपवतो. शहराच्या हवेत तो येतो कोठून, हे कोडे डॉ. आरी यान हागेन-स्मिट यांनी सोडवले.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी हॉलंडमधील उत्रेख्त येथे झाला. तेथील विद्यापीठातून १९२९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९३७ मध्ये ते अमेरिकेत पसाडेना येथील कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत दाखल झाले. वनस्पतींची संप्रेरके, फळांचे स्वाद व सुगंध हा त्यांचा आवडीचा विषय होता.

जवळच्या लॉस एंजेलिस शहराला १९४३ पासून धुरक्याने ग्रासले होते. डोळ्यांतून पाणी वाहत असे. एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर ठपका आला. पण तो बंद ठेवूनही धुरके हटले नाही. लंडनप्रमाणे येथेही गंधकाचा धूरच कारण असावा, असे पुष्कळांना वाटे.

१९४८ च्या सुमारास हागेन-स्मिट अननसाच्या गंधाचे घटक शोधत होते. ज्या पद्धतीने ते गंध गोठवून गोळा करीत, त्याच पद्धतीने त्यांनी बाहेरची हवा ओढून गोठवली. हाती आले ते उग्र वासाच्या द्रवाचे काही थेंब!

पुढे प्रयोगांतून उलगडा झाला. मोटारींच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की त्यातून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो व हवेतील ऑक्सिजनशी जुळून ओझोन होतो. एरवी उरलेला नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन पुन्हा खाऊन टाकतो. परंतु पेट्रोलच्या वाफा हवेत असल्या, की त्यांच्यापासून बनलेले पदार्थ नायट्रिक ऑक्साइडचे परस्पर डायऑक्साइड करतात. ओझोन खाणारा उरत नाही आणि तो साठत जातो. ओझोनमुळे ताणलेल्या रबराला चिरा पडतात. त्या किती लवकर पडतात यावरून हागेन-स्मिट त्याचे प्रमाण ताडत.

हा निष्कर्ष सर्वांनाच अडचणीचा होता. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनाने तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. तसे एक व्याख्यान ऐकून शांत स्वभावाचे हागेन-स्मिट दुखावले. त्यांनी अननस बाजूला ठेवला आणि उरलेले आयुष्य धुरक्याला दिले. १९५२ मध्ये त्यांचा प्रसिद्ध निबंध छापून आला. हळूहळू विरोधकांनाही तो मान्य करावा लागला.

१९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. तेथे मोटारींवर कडक नियम घालण्याचा त्यांनी आग्रह धरला. १९७३ साली त्यांना ते पद सोडावे लागले. त्याच वर्षीचे राष्ट्रीय विज्ञान पदकही त्यांना मिळाले. १७ मार्च १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

लोक कारखान्यांच्या चिमण्यांकडे बोट दाखवत होते, तेव्हा या शास्त्रज्ञाने दोष प्रत्येकाच्या दारात उभ्या असलेल्या मोटारीतही आहे, हे सप्रमाण दाखवले. लोकांना न आवडणारे सत्य सांगायला विद्वत्तेइतकेच धैर्यही लागते. हागेन-स्मिट यांच्यापाशी ही दोन्ही होती.