भारताचे पहिले राष्ट्रपती राजेंद्रबाबू

वर्धा जिल्ह्यातील आमच्या वाचकांस बजाजवाडी, मगनवाडी व सेवाग्राम ही नावे नवी नाहीत. तथापि भारतीय प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्रपती बाबू राजेंद्रप्रसाद हे दम्याचे दुखणे घेऊन वर्ध्यास वारंवार येऊन राहत असत, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. त्यांच्या चरित्रातील काही गोष्टी आम्ही येथे सांगतो. सर्व सांगण्यास जागा पुरणार नाही.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८८४ रोजी बिहारातील जिरादेई या खेड्यात एका कायस्थ कुटुंबात झाला. त्यांचे पहिले शिक्षण एका मौलवीजवळ फारसीत झाले. १९०२ साली कलकत्ता विश्वविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत ते पहिले आले व त्यांस दरमहा ३० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे ते वकील झाले आणि पाटण्यास त्यांचा चांगला जम बसला.

१९१७ सालची एक गोष्ट मात्र आम्हांस सावकाश सांगावयाची आहे. चंपारणातील राजकुमार शुक्ल नावाचा शेतकरी गांधीजींस घेऊन राजेंद्रबाबूंच्या पाटण्यातील घरी आला. मालक बाहेरगावी गेलेले. पाहुणा कोणत्या जातीचा, हे गड्यांस ठाऊक नव्हते. त्यांनी त्यास घरातील शौचकूप वापरू दिला नाही, बाहेरचा दाखविला; आणि गडी विहिरीवर पाणी काढीत असत तोवर त्यास तेथे पाणी काढण्याची मोकळीक नव्हती, कारण त्याच्या बादलीतील थेंब अंगावर उडून आपणास विटाळ होईल, अशी त्यांस भीती. ही हकीकत गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविली आहे. विहिरीच्या काठी घागर घेऊन तिष्ठत उभे राहणे म्हणजे काय, हे आमच्या कित्येक वाचकांच्या आईबापांस कोणी समजावून द्यावयास नको होते. गड्यांनी घरची रीत पाळली, इतकेच. ती रीत मालकाची होती.

आता मालकाचे काय झाले ते पाहा. चंपारणात निळीच्या मळेवाल्यांनी कुळांस जमिनीच्या दर २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती केली होती. तिची चौकशी करण्यास राजेंद्रबाबू व दुसरे वकील गांधीजींबरोबर गेले. प्रत्येक वकिलाचा आचारी निराळा, चूल निराळी, आणि रात्रीचे जेवण होता होता मध्यरात्र होई! गांधीजींनी सर्वांची एकच चूल केली. त्या दिवसापावेतो राजेंद्रबाबू परजातीच्या हातचे अन्न घेत नसत. तेथे ते सर्वांच्या पंक्तीस बसले, आणि आपले कपडे आपण धुण्यास शिकले. हजारो कुळांच्या जबान्या लिहून घेण्यात आल्या व १९१८ साली कायदा होऊन नीळ लावण्याची ती सक्ती गेली. १९२० साली त्यांनी चालती वकिली सोडून दिली.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला. राजेंद्रबाबू तेव्हा कैदेत व आजारी होते. दोनच दिवसांनी ते सुटले व आजारी अंगानेच मदतीच्या कामास लागले. देशभरातून लक्षावधी रुपये त्यांच्या हाती आले. इतका पैसा आला की त्याचा हिशेब हीच मोठी परीक्षा होते. ते काम तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यातील जे. सी. कुमारप्पा यांजकडे सोपविण्यात आले. कुमारप्पा इतके काटेकोर की, स्वयंसेवकास ठरवून दिलेल्या खर्चाहून जास्त पैसे गांधीजींच्या सोबत्यांसही या निधीतून देण्यास त्यांनी नकार दिला. तो नकार कोणी मोडला नाही. हेच कुमारप्पा पुढे आमच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करीत वर्षानुवर्षे राहिले.

वर्ध्याशी राजेंद्रबाबूंचा संबंध जमनालाल बजाज यांच्या स्नेहामुळे जडला. जमनालालजींनी १९२८ सालीच वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांस खुले केले होते. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या जूनपावेतो राजेंद्रबाबू पाटण्याच्या तुरुंगात होते. गांधीजींच्या वधानंतर मार्च १९४८ मध्ये त्यांचे अनुयायी सेवाग्रामास जमले, त्या सभेचे अध्यक्षस्थान राजेंद्रबाबूंनीच घेतले.

तत्पूर्वी ११ डिसेंबर १९४६ रोजी ते घटना समितीचे अध्यक्ष निवडले गेले होते. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी जी घटना मान्य झाली, तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि २५ व्या कलमाने आपला धर्म मानण्याची, आचरण्याची व त्याचा प्रसार करण्याची मोकळीक सर्वांस दिली. ज्याच्या घरच्या विहिरीवर पाहुण्याची जात पाहिली जात होती, त्याच्याच अध्यक्षतेखाली हे झाले. २६ जानेवारी १९५० रोजी ते राष्ट्रपती झाले. वेतन दरमहा १०,००० रुपये ठरलेले असता ते स्वेच्छेने पुष्कळ कमी घेत.

येथेच चरित्र संपविले असते तर वाचकांस बरे वाटले असते. परंतु ते खरे चरित्र झाले नसते. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन स्वातंत्र्यासाठी लढले, तरी त्यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते. ते १७९९ साली वारले, आणि आपल्या मालकीच्या गुलामांस त्यांनी मुक्ती लिहून ठेविली ती मृत्युपत्रात, तीही पत्नीच्या पश्चात. राजेंद्रबाबूंच्या कारकिर्दीतही असे एक पान आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींच्या नावे अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. हिंदू धर्माहून निराळा धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजू नये, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते. शिखांतील मोजक्या जातींपुरता तेवढा अपवाद होता. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, हे आम्ही जाणतो. म्हणून सगळा दोष एका माणसावर टाकणे न्यायाचे नाही. तरी सही त्यांची आहे. धर्म बदलला म्हणजे गावाने पाणवठ्यावर जात विचारणे सोडले, असे आमच्या खेड्यांत घडले नाही. शिखांस ही सवलत १९५६ साली पुरतेपणी मिळाली व बौद्धांस १९९० साली. ख्रिस्ती लोकांविषयीचा अर्ज २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेला.

ख्रिस्ती लोकांविषयी त्यांच्या मनात आकस होता, असे मात्र आम्हांस वाटत नाही. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीस संत थोमा याच्या स्मरणार्थ सभा भरली. तेथे त्यांनी स्वतः येऊन सांगितले की, युरोपातील पुष्कळ देश ख्रिस्ती होण्यापूर्वीच थोमा या भूमीस आला होता. ख्रिस्ती धर्म परका नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

बारा वर्षे राष्ट्रपतिपद भूषवून १३ मे १९६२ रोजी ते पायउतार झाले व दिल्लीचा तो प्रचंड वाडा सोडून पाटण्यास गंगेकाठच्या सदाकत आश्रमात जाऊन राहिले. सप्टेंबरात त्यांच्या पत्नी राजवंशीदेवी वारल्या. २८ फेब्रुवारी १९६३ रोजी त्याच आश्रमात राजेंद्रबाबूंनीही देह ठेविला.