ऑस्कर बार्नाक: दम्याचा त्रास होता म्हणून कॅमेरा खिशात आला

स्ट्रीट फोटोग्राफीसाठी छोटा कॅमेरा कोणता घ्यावा, हे इथे करमाडमध्ये मला बरेच जण विचारतात. कुणाचं बजेट पंचवीस हजार असतं, कुणाचं लाखभर. मॉडेलची नावं सांगण्याआधी मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगतो. ती कळली की स्पेसिफिकेशनचा अर्धा गोंधळ आपोआप मिटतो.

मोठे कॅमेरे आणि अशक्त छाती

ऑस्कर बार्नाक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी जर्मनीत ब्रांडेनबुर्गमधल्या लिनोव गावात झाला. ते यंत्र-कारागीर होते. १९०२ पासून येना शहरातल्या कार्ल झाइस कंपनीत कामाला होते. सुट्टीत डोंगर-जंगलात भटकायचं आणि फोटो काढायचे, हा त्यांचा छंद.

पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, जाड तिपाई आणि काचेच्या प्लेटा. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी आपल्या वेरूळची छायाचित्रं काढली, ती अशाच प्लेटांच्या जमान्यात. बार्नाक १३ × १८ सेंटिमीटरच्या प्लेटांचा कॅमेरा घेऊन फिरायचे. त्यात त्यांना दम्याचा त्रास. हे ओझं घेऊन चढ चढणं त्यांच्या छातीला झेपेना. एक तर छंद सोडायचा, नाही तर कॅमेरा हलका करायचा. त्यांनी दुसरा रस्ता धरला. निगेटिव्ह छोटी घ्यायची आणि प्रिंट मोठी करायची, एवढीच साधी कल्पना.

सिनेमाची फिल्म आडवी केली

१९११ मध्ये ते वेट्झलार गावातल्या अर्न्स्ट लाइट्झ यांच्या कंपनीत रुजू झाले. ही कंपनी सूक्ष्मदर्शक बनवायची, कॅमेरे नाही. तिथे सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर काम करताना त्यांना मार्ग सापडला. सिनेमात फिल्म उभी सरकते आणि एक चौकट १८ × २४ मिमीची असते. बार्नाक यांनी फिल्म आडवी चालवली आणि चौकट दुप्पट केली: २४ × ३६ मिमी.

आज आपण फुल फ्रेम म्हणतो ते माप हेच. कंपन्या २८ मिमी इक्विव्हॅलंट, ३५ मिमी इक्विव्हॅलंट असं लिहितात, तीही याच चौकटीशी केलेली तुलना असते.

१९१४ पर्यंत पहिला नमुना तयार झाला. तो कोटाच्या खिशात मावायचा. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, तेव्हा बार्नाक यांनी वेट्झलारच्या रस्त्यावर लोकांचे फोटो काढले. १९२० मध्ये गावात पूर आला, तेव्हाही हाच कॅमेरा घेऊन ते बाहेर पडले. स्ट्रीट फोटोग्राफी हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

कारखाना पणाला

खरी परीक्षा पुढे होती. १९२३ च्या सुमारास चाचणीसाठी पंचवीसेक कॅमेरे बनवले गेले. इतक्या छोट्या निगेटिव्हवर अनेकांचा भरवसा बसेना. त्यातच जर्मनीत महागाईनं चलनाची माती झालेली. कॅमेरा चालला नाही तर पैसा बुडणार आणि कामगारांच्या रोजगारावर येणार. १९२४ मध्ये बरीच चर्चा होऊन शेवटी अर्न्स्ट लाइट्झ (दुसरे) यांनी उत्पादनाचा निर्णय घेतला. मॅक्स बेरेक यांनी त्यासाठी खास लेन्स तयार केली होती, कारण निगेटिव्ह छोटी असेल तर लेन्सची चूक प्रिंटमध्ये मोठी होऊन दिसते. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लायका बाजारात आला. लाइट्झ आणि कॅमेरा मिळून लायका.

बार्नाक १६ जानेवारी १९३६ रोजी गेले, वय अवघं ५६. चाचणीच्या त्या कॅमेऱ्यांपैकी १०५ नंबरचा, त्यांनी स्वतः वापरलेला कॅमेरा २०२२ मध्ये लिलावात १ कोटी ४४ लाख युरोला गेला.

मग आपण काय बघायचं?

बार्नाक यांनी जे प्रश्न सोडवले, तेच दुकानात विचारा:

१. सोबत राहील का? रिको जीआर थ्री बॅटरीसकट साधारण २५७ ग्रॅम आहे, फुजीफिल्म एक्स१००-सिक्स ५२१ ग्रॅम. पहिला पँटच्या खिशात बसतो, दुसरा गळ्यात. कपाटात पडून राहणारा कॅमेरा कितीही भारी असला तरी पैसे वाया.

२. सेन्सर केवढा? फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी. एपीएस-सीचं साधारण ३७०, एक इंची सेन्सरचं ११६. वरचे दोन्ही कॅमेरे एपीएस-सी, सोनी आरएक्स१०० एक इंची. संध्याकाळच्या बाजारात बल्बच्या उजेडात फोटो काढायचे असतील तर हा फरक दिसतो.

३. फोकस आधीच लावून ठेवता येतो का? १९२५ च्या लायकात अंतर मोजायची सोय नव्हती, अंदाजानंच लावावं लागे. तीच युक्ती आजही चालते. जीआर थ्रीवर एफ/८ ठेवून अंतर अडीच मीटर लावा. साधारण सव्वा मीटरपासून लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग फक्त बटण दाबायचं.

४. धूळ झेपेल का? आपल्याकडे उन्हाळ्यात हा प्रश्न आधी विचारा. लेन्स बदलता न येणाऱ्या कॅमेऱ्यात धूळ शिरली तर तो उघडून साफ करावा लागतो.

बजेट पंचवीस हजार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नवीन स्वस्त कॉम्पॅक्ट घेऊ नका. त्याचा सेन्सर बहुतेक वेळा फोनएवढाच असतो. कर्ज काढूनही घेऊ नका. आधी सहा महिने फोनवर झूम न वापरता एकाच लेन्सनं फोटो काढा. त्यानंतरही हात कॅमेऱ्याकडे वळत असेल, तर जुना एक इंची कॉम्पॅक्ट शोधा.

आणि एक. कॅमेरा छोटा असला म्हणजे लपून फोटो काढायचा परवाना मिळत नाही. करमाडसारख्या गावात भाजीवाल्या मावशी आपल्याला नावानं ओळखतात. फोटो काढल्यावर त्यांना दाखवा, नको म्हणाल्या तर तिथल्या तिथे काढून टाका. उद्या परत त्याच बाजारात जायचंय.