जबडा घडविणारे सर्जन

सर हॅरल्ड गिलीज यांचा जन्म १८८२ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. पहिल्या महायुद्धात जबडा फुटलेल्या सैनिकांना ना धड खाता येई, ना बोलता. त्यांच्यासाठी १९१७ साली इंग्लंडात सिडकप येथे खास इस्पितळ उघडले. तेथे प्रत्येक चेहऱ्याची चित्रे व प्लास्टरचे साचे करीत. दंतवैद्य केल्सी फ्राय तुटके जबडे जागेवर आणून धरून ठेवीत. मग त्याच रोग्याच्या बरगडीचे किंवा कमरेचे हाड घेऊन खिंडारात बसवीत. जखम भरण्याआधी घाई केली, तर पू होऊन हाड वाया जाई. म्हणून महिनोन्‌महिने थांबावे लागे. गिलीज १९६० साली वारले. आता मापे संगणक घेतो. पण ज्याचा जबडा त्याच्याच मापाने घडवावा, ही त्यांची शिस्त टिकून आहे.