टाइमटेबलातून गेलेल्या लहरी

बोईसरहून सकाळची विरार लोकल पकडता. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात मोबाइल. मध्येच रेंज गेली की कंपनीच्या नावाने खडे फोडायचे, हे ठरलेलंच! आता कल्पना करा, रेल्वेचं जाडजूड छापील टाइमटेबल आहे, त्याच्या पानापानांत कथलाचा वर्ख घातलाय आणि कुणीतरी त्यातून रेडिओलहरी पाठवतोय. वेडेपणा वाटतो ना? पण एकाच दिशेने कंप पावणाऱ्या लहरी पुढे सोडणारी ती चाळणी होती. आणि ती बनवणारा माणूस होता जगदीशचंद्र बोस.

जन्म ३० नोव्हेंबर १८५८चा, मैमनसिंगचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. केंब्रिजला शिकून बोस १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. पगार मात्र युरोपियन सहकाऱ्यांपेक्षा कमी. का, तर ते भारतीय! त्यांनी शिकवणं थांबवलं नाही, फक्त पगार नाकारला. एक-दोन महिने नाही, तब्बल तीन वर्षं. अखेर सरकार नमलं आणि मागच्या थकबाकीसकट पूर्ण पगार मिळाला.

लॅब म्हणाल तर एक लहानशी खोली. मदतीला पत्र्याचं काम करणारा स्थानिक कारागीर. तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात डोकावला असाल, तर ती ठोकाठोक तुमच्या ओळखीची असेल. त्यातूनच त्यांनी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी तयार केल्या. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांच्या अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली. लहरी टिपणाऱ्या त्यांच्या गॅलेना स्फटिकाच्या यंत्राला १९०४ मध्ये अमेरिकेचं पेटंटही मिळालं.

आणि मग? जगाला हवा होता समुद्रापार जाणारा संदेश. त्यासाठी लांब लहरी कामाच्या होत्या. आखूड लहरी मागे पडल्या, बोसही वनस्पतींच्या संशोधनाकडे वळले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी ते गेले, तेव्हा या लहरी घराघरांत पोचतील असं कुणाच्या गावीही नव्हतं.

आज चित्र उलटलंय. भारतात २०२२ मध्ये ५जीसाठी लिलावात निघालेल्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरी साधारण साडेअकरा मिलिमीटरच्या आहेत, म्हणजे बोसांच्याच टेबलावरच्या! त्यांत प्रचंड डेटा मावतो. टाइमटेबलाच्या चाळणीमागचं तत्त्वही टॉवरवर आहे. लहरींच्या कंपाच्या दोन दिशा वापरून एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन वेगळे प्रवाह पाठवले जातात.

अडचण एकच. या लहरी भिंतीला अडतात, पानांत अडकतात, धो धो पावसात क्षीण होतात. आणि आपल्याकडे काय आहे? चार महिने कोसळणारा पाऊस, डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या, जव्हार-मोखाड्याचे डोंगर. ६जीवर काम करणाऱ्यांना जे कोडं सोडवायचंय, ते तुमच्या खिडकीबाहेरच उभं आहे.

तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये काहीच नाही म्हणून प्रोजेक्ट अडला असेल, तर आधी दप्तरात काय आहे ते बघा. बोसांना रेल्वेचं टाइमटेबल पुरलं होतं.