हुगळीकाठचा मराठी वैयाकरण : विल्यम कॅरी

मराठीचा मुद्रित संसार महाराष्ट्राबाहेर थाटला गेला, हे आपण दूरदेशी राहणाऱ्यांनी अवश्य ध्यानी ठेवावे. एक चूल सरफोजीराजांच्या तंजावरात पेटली. तेथे १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' छापली गेली. दुसरी बंगालमधील श्रीरामपुरात. तिचे धनी विल्यम कॅरी.

१७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील एका खेड्यात जन्मलेले कॅरी व्यवसायाने चांभार होते. जोडे शिवता शिवता ते अनेक भाषा शिकले. जाणत्या वयातच जलदीक्षा घ्यावी असे मानणाऱ्या बॅप्टिस्ट पंथाचे ते उपदेशक झाले व १७९३ मध्ये कलकत्त्यास उतरले. पुढील वर्षी पाच वर्षांचा पीटर दगावला आणि पत्नी डोरोथीचे मन कायमचे बिघडले. १८०७ मध्ये तिचा अंत झाला. तोवर त्यांची भाषांतरे या दुःखाच्या शेजारीच चालली होती. त्यांच्या ध्येयाची किंमत त्या माउलीने मोजली, असे मला वाटते.

कंपनी सरकारला मिशनरी नकोसे होते. म्हणून १८०० मध्ये कॅरींनी डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपूर गाठले. (आपल्याकडचे तरंगमबाडीही तेव्हा डॅनिशच!) तेथे मार्शमन व वॉर्ड यांच्यासह त्यांनी चर्च स्थापिले. २८ डिसेंबर रोजी कृष्ण पाल या सुताराने हुगळीच्या पात्रात दीक्षा घेतली. त्याचा निखळलेला खांदा मिशनच्या डॉक्टर टॉमस यांनी बसविला होता. मंडळीत जातिभेद पाळावयाचा नाही, हा तेथील दंडक होता.

फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृतबरोबर कॅरी मराठीही शिकवू लागले. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश व १८११ मध्ये 'नवा करार' सिद्ध झाला. पुढे 'सिंहासन बत्तिशी' व 'हितोपदेश'ही आले. व्याकरणासाठी देवनागरी, तर कोशासाठी मोडीचे खिळे वापरले. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नाही. त्यामुळे या गद्यात नागपुरी वळण आहे आणि वाक्ये पुष्कळदा अडखळतात. तरी परक्याने केलेली एवढी मेहनत मला थोर वाटते.

११ मार्च १८१२ च्या रात्री छापखाना जळाला. बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित भस्मसात झाले. ठसे मात्र वाचले होते. वितळलेल्या शिशातून पुन्हा खिळे ओतले गेले आणि काही महिन्यांतच छपाई सुरू झाली. कॉलेजातून मिळणाऱ्या पगाराचा मोठा भाग कॅरी मिशनलाच देत. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच त्यांचे निधन झाले.