दोघी बहिणींची गोष्ट

आमच्या मंडळाच्या आरोग्य शिबिरात सातवा महिना लागलेली एक सून आली होती. पायांवर सूज, बीपी वाढलेलं. डॉक्टरांनी लघवीच्या तपासणीसोबत थायरॉइडचीही तपासणी सांगितली, तशा सासूबाई कुरकुरल्या. बीपीचा आणि गळ्यातल्या ग्रंथीचा काय संबंध? मलाही धड सांगता येईना. घरी येऊन पुस्तकं चाळली, तेव्हा डॉ. थिओडोर कोखर भेटले.

जन्म १८४१ चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा. त्या डोंगराळ मुलखात अन्नपाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंडाचे रुग्ण खूप. ऑपरेशनमध्ये रक्त जाऊन माणसं दगावत. १८७२ मध्ये, ३१ व्या वर्षी कोखर बर्नला प्राध्यापक झाले. त्यांच्या सफाईदार हातांनी रुग्ण वाचू लागले. ते पुष्कळदा अख्खी थायरॉइड ग्रंथीच काढत. तिचं काम काय, हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

१८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीचं असंच ऑपरेशन केलं. जखम भरली, पण पुढे मुलीची वाढ खुंटली, चेहरा सुजला, बुद्धी मंदावली. पाठची बहीण तिच्याहून उंच झाली. हे कळल्यावर कोखर यांनी जुने रुग्ण शोधून तपासले. ग्रंथी पूर्ण काढलेल्या १८ पैकी १६ जणांची तीच गत! नावाजलेला डॉक्टर, गप्प बसला असता तर? पण १८८३ मध्ये त्यांनी भर परिषदेत हे सांगितलं, आणि पुढे ग्रंथीचा भाग राखूनच ऑपरेशनं केली. १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९१७ मध्ये ते वारले.

ती मुलगी गेली नाही माझ्या डोक्यातून. पोटातलं बाळ पहिले तीनेक महिने आईच्याच थायरॉइडवर वाढतं. आईचं थायरॉइड कमी पडलं तर गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोकाही वाढतो. प्रत्येकीच्या बीपीचं कारण थायरॉइड नसतं, आणि थायरॉइडची गोळी म्हणजे बीपीचं औषधही नव्हे. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

सासूबाईंना मी दोघी बहिणींची ही गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सुनेला घेऊन गेल्या. टीएसएच वाढलेला निघाला. आता बीपीचं औषध चालू आहेच, आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी सासूबाईच आठवणीने हातावर ठेवतात.