पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन : श्रद्धा, संसार आणि भाषा

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचा निर्देश सामान्यतः तीन निमित्तांनी होतो. 'स्त्रीधर्मनीति' हे १८८२ मधील पुस्तक, १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले अमेरिकेचे प्रवासवृत्त आणि धर्मांतराचा वाद ही ती तीन निमित्ते होत. यांपैकी तिसऱ्या निमित्ताने पहिल्या दोहोंवर इतकी छाया टाकली की, १८९३ नंतरच्या रमाबाई आपल्या वाङ्मयविचारातून जवळजवळ दिसेनाशा होतात. वस्तुतः त्यांच्या आयुष्याची पुढची सुमारे तीस वर्षे ही त्यांच्या कर्तृत्वाची ऐन वर्षे होती. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी उभारलेले मुक्तिसदन हे अनाथ मुलींचे घर होते, शाळा होती, उद्योगगृह होते आणि मुद्रणालयही होते. या घराचा रोजचा संसार आणि रमाबाईंची श्रद्धा यांचा संबंध कोणता, आणि त्या संबंधाचा त्यांच्या मराठीवर कोणता परिणाम झाला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

विदर्भातील अभ्यासकाला या विषयाचे आणखी एक कारण आहे. मुक्तिसदनाची खरी सुरुवात पुण्यात झाली नाही. ती १८९६-९७ च्या मध्य प्रांतातील दुष्काळात झाली. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. आईकडून रमाबाईंनी संस्कृत मुखोद्गत केले. कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर फिरले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात अन्नान्न दशा होऊन आईवडील आणि थोरली बहीण निवर्तली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास मागे उरले. उपाशी मूल म्हणजे काय, हे त्यांनी ऐकून जाणलेले नव्हते, एवढे पुढील घटनांच्या दृष्टीने लक्षात ठेवले पाहिजे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी त्यांचा नोंदणी विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पतीचा पटकीने अंत झाला. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीमठात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. तेथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. हिंदू विधवांच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये निघाला. त्याच वर्षाअखेर बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य करण्याचे मान्य केले.

३

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास हलले. ही संस्था उच्चवर्णीय विधवांसाठी होती आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे अभिवचन होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची, सोवळेओवळे सांभाळण्याची मोकळीक होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नातू पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झाल्या, ही गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहे.

वाद उठला तो या तटस्थतेवरून. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणास बोलाविले नाही, पण आपल्या मुलीसमान असलेल्यांस दार लावून घेण्याचे कारणही नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, जिच्या अन्नवस्त्रावर मूल वाढते तिचे उघडे दार हेच निमंत्रण असते. 'केसरी'तून लोकमान्य टिळकांनी प्रखर टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगाकडे पाहताना आपण बहुधा एक बाजू घेतो. दोन्ही बाजूंत तथ्य होते असे म्हणावे लागते. रमाबाईंनी शब्द मोडला असे सिद्ध होत नाही. पण श्रद्धा ही खोलीत बंद करून ठेवता येणारी वस्तू नाही, ती घरातल्या वागणुकीतून झिरपते, हा टीकाकारांचा मुद्दाही खोटा नव्हता. पुढे केडगावी रमाबाईंनी तटस्थतेचा आग्रहच सोडला आणि उघडपणे ख्रिस्ती घर चालविले. एका अर्थी हा प्रामाणिकपणाकडे झालेला प्रवास होता.

४

१८९६-९७ च्या दुष्काळाची वार्ता येताच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळी छावण्यांतून अनाथ मुलींची कोणती गत होते हे पाहून त्यांनी शेकडो मुली व तरुण विधवा पुण्याकडे आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता आणि एवढ्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. सदनास कायमचे उत्पन्न असावे म्हणून केडगाव येथे रेल्वेमार्गालगत जमीन आधीच घेतलेली होती व फळझाडे लावली होती. त्या माळावर तात्पुरत्या निवाऱ्यांत मुलींना नेण्यात आले. मुक्तिसदन असे वसले.

येथे संस्थेचा स्वभावच पालटला. शारदा सदनात निवडक जातींतील, पालक असलेल्या मुली होत्या. केडगावी नाना जातींच्या, बव्हंशी अनाथ मुली आल्या. शिक्षणाआधी जगविण्याचा प्रश्न होता. आजारी, रोडावलेली, चोरून अन्न लपविणारी मुले माणसात आणावयाची होती. जुन्या सदनातील शिकलेल्या विधवा येथे शिक्षिका झाल्या. थोरल्या मुलींकडे धाकट्यांचा सांभाळ आला. विहिरी खणल्या गेल्या. दळणकांडण, स्वयंपाक, शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छपाई व पुस्तकबांधणी ही कामे मुली शिकल्या. हे शिक्षण हौसेचे नव्हते. दोन हजारांच्या घरात गेलेले घर मुलींच्या हातांवाचून चालणे शक्यच नव्हते. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर ही संख्या गाठली गेली. पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, अंधांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल शिकून घेतली होती. तिचा येथे उपयोग झाला. कुमारी मिनी एब्रॅम्स यांच्यासारख्या परदेशी सहकारिणी आल्या. रमाबाई स्वतः मात्र पांढऱ्या सुती लुगड्यात आणि शाकाहारी राहिल्या.

पैशाविषयीची त्यांची वृत्ती यांतूनच समजते. ब्रिस्टल येथील अनाथालयाचे जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा त्यांच्यावर प्रभाव होता. दहा वर्षांचा अमेरिकन करार संपल्यावर, गरज ईश्वरासमोर मांडावी आणि मिळेल त्यावर भागवावे, हे तत्त्व त्यांनी स्वीकारले. पण या विसंबण्यामागे हिशेब, शेती आणि पाणी यांची काटेकोर व्यवस्था होती. त्यांची प्रार्थना व्यवस्थेला पर्याय नव्हती. ती तिची सोबतीण होती. १९०५ च्या जून महिन्यात मुलींत मोठे धार्मिक जागरण झाले, रडणे आणि मोठ्याने प्रार्थना करणे दिवसेंदिवस चालले. लॉस एंजल्समधील प्रसिद्ध जागरणाच्या आदल्या वर्षीची ही घटना जागतिक ख्रिस्ती इतिहासात आता गंभीरपणे अभ्यासिली जाते.

तथापि १८९३ चा प्रश्न येथेही सुटत नाही, उलट अधिक कठीण होतो. ज्या मुलीस परतावयास घरच नाही, तिची श्रद्धा स्वतःची किती आणि कृतज्ञतेची किती? याचे सरसकट उत्तर देता येत नाही. एवढे खरे की, त्या मुलींना नाकारण्याचे सामर्थ्य देणारी गोष्ट, म्हणजे अक्षरज्ञान आणि हातचा उद्योग, हीही त्याच घराने दिली.

५

वाङ्मयाच्या अभ्यासकास सर्वाधिक विचार करावयास लावणारे कार्य म्हणजे बायबलचे भाषांतर. पूर्वीची मिशनरी भाषांतरे संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील बाईस कळत नाहीत, आणि त्यांतील अनेक शब्द हिंदू दर्शनांचे अर्थ बरोबर घेऊन येतात, असे रमाबाईंचे मत झाले होते. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची अखेरची सुमारे दीड तप या कामास दिली. श्रवणशक्ती क्षीण झाली होती. खिळे जुळविणाऱ्या आणि छापणाऱ्या मुली सदनातील होत्या.

'स्त्रीधर्मनीति'ची तत्सम शब्दांनी भारलेली शैली आणि या भाषांतराची साधी मराठी यांतील अंतर विलक्षण आहे. हे अंतर केवळ मतांतराने पडले, असे मानणे अपुरे ठरेल. मधली वर्षे रमाबाई अशा मुलींच्या सहवासात होत्या ज्यांच्याशी संस्कृतात तर नाहीच, पण पुणेरी ग्रांथिक मराठीतही बोलणे शक्य नव्हते. प्रथम त्या मुलींना भाषा शिकवावी लागली आणि शिकविता शिकविता पंडितेची भाषाच बदलली. यात एक अंतर्विरोधही दिसतो. ग्रंथातून ज्यांनी संस्कृत शब्द कसोशीने वगळले, त्यांनीच आपल्या घरांना शारदा, मुक्ती, कृपा अशी नावे दिली. आईकडून आलेला वारसा ग्रंथातून काढता आला, उंबरठ्यावरून काढता आला नाही.

६

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंस कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती जावयाची होती. आईने शोक आवरून मुद्रिते तपासण्याचे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये बाहेर पडले. मुक्तिसदन आजही केडगावी कार्यरत आहे.

मराठी गद्याचा इतिहास लिहिताना आपण नियतकालिके, सभा आणि महाविद्यालये यांकडे पाहतो. दुष्काळातून आलेल्या मुलींच्या एका घरातही मराठी घडत होती, आणि त्यांतील अनेक मुली आपल्या प्रांतातून गेलेल्या होत्या, याची नोंद त्या इतिहासात व्हावयास हवी. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या नोंदीवाचून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आपले आकलन अपुरे राहील.